शहराची वेस सरकताना: प्रारूप विकास आराखडा, हरकती आणि सुनावणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सांगली-मिरज-कुपवाड आणि लगतची गावं)

हे प्रश्न मला बांधावर, चहाच्या टपरीवर, तलाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेत. मी विश्रामबागेत बसून घरांचे नकाशे काढतो, परवानगीच्या फायली फिरवतो. त्यामुळं ‘आराखडा’ हा शब्द कुणाच्या कानावर पडला की पहिला फोन मला येतो. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ मध्ये एका महापालिकेत आले. त्यानंतर वाढ सरकत राहिली ती वेशीकडं: कुपवाडच्या पलीकडं, धामणी रस्त्याला, हरिपूरच्या वाटेला, माधवनगर-बुधगावकडं. रानात आधी चुन्याच्या रेषा दिसतात, मग सिमेंटचे खांब, मग ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी. आराखडा त्या पाटीच्या आधी आला तरच त्याचा उपयोग. म्हणून ही उत्तरं आधीच वाचून ठेवा, नोटीस लागल्यावर पळापळ नको.

‘प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा यामागचा कायदा. त्यात क्रम असा: कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग आज कुठं घरं, कुठं शेती, कुठं कारखाने आहेत त्याचा नकाशा होतो, मग पुढच्या २० वर्षांचा अंदाज धरून प्रस्तावित नकाशा तयार होतो आणि कलम २६ खाली तो लोकांसमोर ठेवतात. हरकती येतात, सुनावणी होते, दुरुस्त आराखडा सरकारकडं जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. कागदावर बदल करून घेणं सगळ्यांत सोपं असतं ते कलम २६ च्या टप्प्यावर. मंजुरीनंतर एक रेष हलवायला कलम ३७ चा फेरबदल लागतो, आणि त्याची फाइल मुंबईपर्यंत जाऊन येते.

नकाशाबरोबर एक अहवालही असतो. तो कुणी वाचत नाही. लोकसंख्या किती धरली, पाणी कुठून आणणार, मैलापाणी कुठं नेणार, हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. नुसता रंगीत कागद बघून घरी जाऊ नका.

मुदत किती दिवसांची?

जाहीर सूचनेत छापलेली असते. ३० दिवस असू शकतात, कुठं ६० असतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे तेही तिथंच लिहिलेलं असतं. गावात ‘अजून महिना आहे’ असं कुणीतरी सांगतो, तो माणूस सूचना वाचलेला नसतो.

नकाशा कसा वाचायचा? मला तर नुसते रंगच दिसतात.

पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. आरक्षणांना, म्हणजे शाळा, बाग अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांना, क्रमांक असतात आणि क्रमांकाचा तक्ता वेगळा असतो. प्रस्तावित रस्त्यांवर १२, १८, २४ असे मीटरचे आकडे असतात. हे सगळं अर्ध्या तासात कळतं. खरा घोळ असतो गट नंबरात. आराखड्याचा नकाशा मोठ्या भागाचा असल्यानं त्यात आपला बांध जेमतेम केसाएवढा दिसतो. १८ मीटरचा रस्ता आपल्या रानातून जातो की शेजाऱ्याच्या, हे नुसत्या डोळ्यानं सांगता येत नाही.

म्हणून जाताना दोन कागद बरोबर न्या. एक, गावनकाशा. दोन, मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत. गावनकाशात जुनी पाणंद, शिवेचा रस्ता, ओढा हे सगळं दाखवलेलं असतं. रस्त्यांच्या त्या तुटक रेषा प्रारूप नकाशावर शोधा. सापडल्या नाहीत तर तुमची पहिली हरकत तयार झाली म्हणा.

बघण्याचा क्रमही सांगतो, कारण बहुतेक जण उलटा लावतात. आधी पाणी बघा: पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. मग रस्ते, म्हणजे कुठून सुरू होतात आणि कुठं अचानक संपतात. आणि शेवटी आपला गट. आपल्या गटाला पिवळा रंग मिळाला म्हणून खूश होऊन घरी गेलेले लोक मी पाहिलेत. वरच्या अंगाचा ओढा नकाशातून गायब आहे, हे त्यांना पहिल्या पावसात कळलं.

हरकत आणि सूचना यांत फरक काय?

हरकत म्हणजे ‘हे नको’. सूचना म्हणजे ‘हे असं करा’. एकाच अर्जात दोन्ही लिहा. ‘रस्ता नको’ एवढंच लिहिलं तर हरकती ऐकणाऱ्या समितीपुढं दोनच वाटा उरतात, ठेवणं किंवा काढणं. ‘रस्ता पूर्वेच्या बांधानं न्या’ म्हटलं की तिसरी वाट निघते.

माझ्या रानात शाळेचं (किंवा बागेचं, बाजाराचं) आरक्षण पडलंय. जमीन गेली का?

नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. ऊस लावा, हळद लावा, कुणी अडवत नाही. अडतं ते बांधकाम, आणि पडतो तो भाव. विकायला कायद्याची आडकाठी नाही, पण गिऱ्हाईक आरक्षण बघून निम्म्या किमतीवर येतं.

जमीन प्रत्यक्ष घ्यायची तर कलम १२६ खाली तीन मार्ग आहेत: वाटाघाटीनं पैसे देऊन, जमिनीच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) देऊन, किंवा भूसंपादन करून. टीडीआरचं माझं स्पष्ट मत सांगतो. पुण्या-मुंबईत त्याला बाजार आहे. आपल्याकडं टीडीआरचा कागद हातात घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. ‘टीडीआर मिळेल’ या आश्वासनावर हरकत मागं घेऊ नका.

मंजूर आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. नोटिशीला मालकीचे कागद जोडावे लागतात, आणि वाटणीचे फेरफार न झालेल्या घरात तिथंच गाडी अडकते. चार भाऊ, दोन बहिणी, आजोबांच्या नावावर सातबारा! हरकतीच्या निमित्तानं तेवढं तरी उरकून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. दहा-पंधरा हजार माणसं राहायला येणार असतील तर शाळा आणि मैदान कुणाच्या तरी रानात पडणारच. ‘माझ्या गटातून काढा’ एवढ्याला वजन नसतं. ‘शेजारी गायरान आहे’ किंवा ‘हे मैदान लोकवस्तीपासून दोन किलोमीटरवर आहे’ याला असतं.

आमचं रान हिरव्या पट्ट्यात ठेवलंय. पिवळ्यात घ्या म्हणून अर्ज करावा का?

सगळ्यांत जास्त अर्ज याच मागणीचे असतात. करा, हक्क आहे. पण कारण द्या: रस्ता लागून आहे, बाजूला वस्ती झालीय, जलवाहिनी जवळ आहे. ‘भाव येईल’ हे मनातलं कारण अर्जात चालत नाही.

पिवळा झाला म्हणजे शेती बंद असंही नाही आणि उद्या नळ येईल असंही नाही. मंजूर आराखड्यात रहिवासी वापर असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब मुळं बिगरशेतीचं काम सोपं होतं, वेगळ्या परवानगीऐवजी रूपांतरण कर वगैरे भरून पुढं जाता येतं. गटारीला मात्र कुठल्या कलमात उतार नसतो, तो जमिनीतच असावा लागतो.

पूररेषेचं काय? निळी आणि लाल रेष म्हणजे काय?

सांगलीत हा प्रश्न पहिला यायला पाहिजे, येतो शेवटी.

निळी रेष साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेष १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा निषिद्ध: शेती, बाग, मैदान चालतं, घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित: बांधकामाला अटी, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं. रेषा जलसंपदा खातं आखतं, नगररचनावाले त्या आपल्या नकाशावर उतरवतात. उतरवताना सरकल्यात का, हे तपासणं आपलं काम.

आता आपला अनुभव. सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी २००५ ला ५० फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या वर. म्हणजे १६ वर्षांत तीनदा. ‘२५ वर्षांतून एकदा’ ही भाषा गावभाग किंवा कर्नाळ रस्त्यावरच्या माणसाला ऐकवून बघा.

म्हणून हरकतीत रेषेबरोबर पातळी लिहा. तुमच्या घराच्या, गोठ्याच्या, देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण असेल. तिच्या शेजारी माणूस उभा करून, हातात टेप धरून फोटो काढा, जमिनीपासूनची उंची लिहा. मी पाहिलेल्या एका सुनावणीत हरिपूर रस्त्याकडच्या एका शेतकऱ्यानं असाच फोटो टेबलावर ठेवला. वस्तीच्या भिंतीवर त्यांच्या छातीइतकी मातकट रेघ, खाली कोंबड्यांचं खुराडं. नकाशात तो गट लाल रेषेच्या बाहेर होता. तोवर घड्याळाकडं बघणारे सदस्य पुढं झुकले आणि फोटो हातोहात फिरला.

हरिपूरचंच अजून एक. तिथं जमिनीखाली पेवं खणून हळद साठवायचे. तिथल्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा होता, आणि २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांतही शिरलं. माती बदलली नव्हती, पाण्याची पातळी बदलली होती. नव्या वस्तीसाठी जागा ठरवताना ‘आजवर कधी पाणी आलं नाही’ हे वाक्य म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही. भराव टाकून प्लॉट वर उचलला तरी पाणी शेजाऱ्याकडं जातं, नाहीसं होत नाही. निळ्या-लाल पट्ट्यात भराव दिसत असेल तर तोही हरकतीत लिहा, तारखेसह.

आमचे प्लॉट गुंठेवारीचे आहेत. आराखड्यात आमचं काय होणार?

आधी गुंठेवारी कशी झाली ते आठवा. मालकानं एकराचे गुंठे पाडले, मध्ये दहा फुटांची बोळ सोडली, आणि मुद्रांकावर व्यवहार झाला. नोकरदार, हमाल, यंत्रमाग कामगार, ज्याला शहरात परवडलं नाही त्यानं तिथं घर बांधलं. त्यात त्याचा दोष मी धरत नाही. पण शामरावनगर बघा: काळी माती, सखल भाग, घरं आधी आणि गटारी नंतर. पावसाळ्यात दारात पाणी आणि चिखल यांची तिथं वर्षानुवर्षं ओरड आहे. घरं उभी राहिल्यावर रस्त्याला जागा शोधायची म्हणजे कुणाचा तरी ओटा पाडायचा.

कायद्याचं बोलायचं तर गुंठेवारी विकास नियमितीकरणाचा अधिनियम २००१ सालचा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट त्यात बसत, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. नियमितीकरण आपोआप होत नाही. अर्ज, शुल्क, मोजणी सगळं करावं लागतं, आणि आरक्षणातल्या किंवा पुराच्या पट्ट्यातल्या प्लॉटला अडचण येते. तुमचा नियमितीकरणाचा आदेश असेल तर त्याची प्रत हरकतीला जोडा. आरक्षण आखताना तुमची घरं सध्याच्या भूवापर नकाशात ‘मोकळी जमीन’ दाखवली गेली असतील, तर तीच सगळ्यांत बळकट हरकत. वीज बिल, घरपट्टीची पावती, जुना फोटो, काहीही चालतं.

गावानं एकच अर्ज छापून हजार सह्या केल्या तर?

हजार अर्जांचं उत्तर एकाच ओळीत मिळतं. मोर्चासाठी ते ठीक, नकाशासाठी नाही. दहा घरांनी दहा वेगळे, आपापल्या गटाचे अर्ज दिले तर दहा वेळा नकाशा उघडावा लागतो. सामाईक प्रश्नाला, म्हणजे ओढा, स्मशान, पाणंद, जनावरांच्या बाजाराची जागा, यासाठी ग्रामसभेचा ठराव करा आणि तो जोडा. ठरावाला तारीख आणि क्रमांक हवा.

मग अर्ज लिहायचा कसा? नमुना द्या.

वर नाव, पत्ता, चालू मोबाइल नंबर, सूचनेचा क्रमांक आणि तारीख. मग मुद्दा. पाण्याच्या हरकतीचा मजकूर साधारण असा:

‘मौजे अमुक येथील गट क्र. अमुक व तमुक यांच्या सामाईक बांधालगत दक्षिणोत्तर वाहणारा ओढा प्रारूप नकाशात दाखवलेला नाही. गावनकाशात तो आहे (प्रत सोबत). प्रस्तावित १२ मीटर रस्ता या ओढ्यावरून जातो. जुलै २०२१ मध्ये येथे पाणी साचल्याचे फोटो जोडले आहेत. विनंती: ओढा नकाशात दाखवावा, रस्ता पूर्वेकडील बांधाने न्यावा, ओढ्यालगतची पट्टी बांधकामविरहित ठेवावी. सुनावणीस उपस्थित राहून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ हे उत्तर ऐकून परत आलात तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

माझी एक चूक सांगतो. एका ओळखीच्यांच्या हरकतीत मी घाईत गट नंबरऐवजी जुना सर्व्हे नंबर लिहिला. सुनावणीत ‘ही जमीन नकाशात कुठं?’ असं विचारलं गेलं आणि मला बोट ठेवता येईना. पुढचं नाव पुकारलं गेलं. ते गृहस्थ मला अजून दिवाळीला फराळ पाठवतात, पण डब्याकडं बघून मला ते मिनिट आठवतं.

सुनावणीत कोण असतं? वकील लागतो का?

कलम २८ प्रमाणं महापालिकेच्या आराखड्यासाठी नियोजन समिती असते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार. वकील लागत नाही. पाच-दहा मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटात नकाशावर बोट ठेवा, दुसऱ्यात काय हवं ते सांगा, उरलेल्या वेळात कागद दाखवा. गावच्या राजकारणाचा इतिहास बाहेर ठेवा. आजोबांना बरोबर न्या, त्यांना ओढ्याचा जुना प्रवाह माहीत असतो. फक्त त्यांना आधी सांगून ठेवा की आज बांधाच्या भांडणाचा विषय काढायचा नाही.

भाडेकरू, कूळ, लग्न होऊन गेलेली मुलगी, यांना हरकत घेता येते का?

येते. हरकतीला मालकीची अट नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बहिणींनी स्वतंत्र अर्ज दिला तर उत्तमच.

‘नगररचना योजना’ असंही ऐकतो. ते वेगळं का?

वेगळं, आणि माझ्या मते नव्या वस्तीसाठी जास्त न्यायाचं. विकास आराखड्यात एकाच्या रानातून २४ मीटर रस्ता जातो आणि शेजाऱ्याच्या रानाला तोंड मिळतं. एक बुडतो, एक तरतो. नगररचना योजनेत सगळ्यांची जमीन एकत्र धरून पुन्हा वाटतात: सगळ्यांकडून थोडी थोडी जाते, त्यातून रस्ते, बागा, शाळा होतात, आणि प्रत्येकाला लहान पण चौकोनी, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड मिळतो. मुंबई इलाख्यात याचा कायदा १९१५ पासूनचा. अलीकडं पुण्याजवळ माण-म्हाळुंगेला पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (पीएमआरडीए) अशी योजना घेतली. यात साधारण निम्म्यापर्यंत जमीन जाऊ शकते, ते ऐकून माणूस आधी भडकतो. मग कागदावर हिशोब मांडला की शांत बसून विचार करतो. वाटपावर वाद झाला तर लवाद असतो. त्रास एकच, वेळ फार जातो.

आपल्या हरकतीत ‘हा भाग नगररचना योजनेत घ्यावा’ अशी सूचना करता येते. फारसं कुणी करत नाही. करा.

नकाशाची प्रत देत नाहीत, काय करावं?

प्रत किंवा उतारा वाजवी किमतीत द्यावा लागतो, कायद्यातच आहे. लेखी मागा. नाहीच दिली तर माहितीचा अधिकार आहे, पण त्याला ३० दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात हरकतीची मुदत सरेल. तोवर कार्यालयात लावलेल्या नकाशाचा फोटो काढा. सकाळी जा, दुपारी काचेवर ऊन येतं आणि फोटोत फक्त आपलंच तोंड दिसतं.

मुदत संपली. आता?

तरीही अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. समिती तो विचारात घ्यायला बांधील नाही, पण कागद नोंदीत राहतो. पुढं सरकारनं मंजुरी देताना एखादा भाग ठरावीक बदलांसाठी वगळून ठेवला किंवा मोठे फेरबदल केले, तर त्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. वर्तमानपत्रातल्या त्या बारीक अक्षरातल्या सूचनेवर नजर ठेवायला घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. आमच्या गल्लीत एकानं व्हॉट्सअॅप गटावर हेच काम घेतलंय. बाकीच्या वेळी तो तिथं सुविचार टाकतो, ते आम्ही सहन करतो.